जुनी मोटार : राखावी की बदलावी?



मोटारगाडी ही एके काळी केवळ श्रीमंतांच्या दारी दिसणारी वस्तू होती. १४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० ही छोटी गाडी बाजारात आली आणि पुढे शिक्षक, कर्मचारी, छोटे बागाईतदार अशा मध्यम प्राप्तीच्या कुटुंबांच्या अंगणातही मोटार उभी राहू लागली. गाडीबरोबर एक प्रश्नही घरात आला. गाडी दहा-बारा वर्षांची होते आणि दर दोन-तीन महिन्यांनी गॅरेजची वाट धरू लागते. मग तिच्यावर खर्च करीत राहावे, की ती देऊन नवी घ्यावी?

अशा वेळी घरोघर एक म्हण ऐकू येते : चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला. गाडी विकून ऐंशी हजार येणार आणि मेकॅनिक साठ हजारांचे काम सांगतो, तेव्हा ही म्हण चटकन पटते. परंतु हिशेबाच्या दृष्टीने ती फसवी आहे. गाडीची बाजारातील किंमत वेगळी आणि तिची उपयुक्तता वेगळी. दुरुस्तीचा खर्च ताडून पाहावयाचा तो जुन्या गाडीच्या किमतीशी नव्हे, तर तिच्या जागी दुसरी गाडी आणल्यास जो खर्च पत्करावा लागेल त्याच्याशी.

न दिसणारा खर्च

गॅरेजचे बिल हातात पडते, म्हणून ते डोळ्यांत भरते. घसाऱ्याचे बिल कोणीच देत नाही, म्हणून ते विसरले जाते. विम्यासाठी गाडीचे मूल्य ठरविण्याचा जो तक्ता रूढ आहे, त्यात सहा महिन्यांतच ५ टक्के, दुसऱ्या वर्षी २० टक्के आणि पाचव्या वर्षी ५० टक्के घट धरली जाते. म्हणजे नव्या गाडीची निम्मी किंमत पाच वर्षांत उतरते. जुन्या गाडीच्या बाबतीत ही घट बहुतांशी होऊन गेलेली असते.

एक ढोबळ उदाहरण घेऊ. नवी गाडी ८ लाखांची. पैकी २ लाख रोख आणि ६ लाख ९ टक्के व्याजाने पाच वर्षांच्या मुदतीचे कर्ज. मासिक हप्ता सुमारे १२,४५० रुपये पडेल आणि पाच वर्षांत जवळजवळ दीड लाख रुपये व्याजापोटी जातील. वर्षाचा हिशेब असा : घसारा ८०,०००, व्याज सुमारे २९,५००, विम्याचा वाढीव हप्ता १२,००० आणि किरकोळ देखभाल ८,०००. एकूण १,२९,५०० रुपये.

आता जुनी गाडी. दुरुस्ती वर्षाला ४०,००० धरू. ती लिटरला १२ किलोमीटर जाते आणि नवी १८ जाते. वर्षाकाठी १०,००० किलोमीटर प्रवास असेल, तर जुनीला सुमारे २७८ लिटर पेट्रोल अधिक लागेल. लिटरला शंभर रुपये दराने हे २७,८०० रुपये झाले. एकूण ६७,८०० रुपये. म्हणजे जुनी गाडी राखण्यात वर्षाला साठ हजारांहून अधिक बचत आहे. तिच्या दुरुस्तीचा खर्च सातत्याने लाखावर गेला, तरच पारडे फिरेल.

मात्र प्रवास ३०,००० किलोमीटर असेल, तर इंधनाचाच फरक ८३,३०० रुपयांवर जातो आणि दुरुस्तीचा खर्च शेहेचाळीस हजारांच्या पुढे जाताच नवी गाडी परवडू लागते. म्हणून शेजाऱ्याचा निर्णय आपल्याला लागू पडेलच असे नाही. आपले आकडे आपणच मांडावयास हवेत.

कायदा काय सांगतो?

पंधरा वर्षे झाली की खाजगी गाडी मोडीतच काढावी लागते, असा एक समज आहे. आपल्या राज्यात तसे बंधन नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षे चालते. त्यानंतर तपासणीत गाडी योग्य ठरल्यास ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. या नूतनीकरणाचे शुल्क मोटारीसाठी पूर्वी ६०० रुपये होते, ते १ एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झाले. शिवाय राज्याचा पर्यावरण कर द्यावा लागतो. उलट, मान्यताप्राप्त केंद्रात गाडी मोडीत दिल्यास जे ठेव प्रमाणपत्र मिळते, त्यावर नव्या खाजगी गाडीच्या करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद केंद्राच्या नियमांत आहे.

पंचायत सदस्यांनी एक भेद ध्यानात ठेवावा. शासनाच्या, नगरपालिकांच्या आणि पंचायतींच्या पंधरा वर्षांवरील वाहनांना १ एप्रिल २०२३ पासून नूतनीकरण मिळत नाही. तेथे राखावे की बदलावे हा प्रश्नच उरत नाही. अंदाजपत्रकात आधीपासून तरतूद करणे एवढेच हाती राहते.

हिशेबापलीकडे

पैशाचा हिशेब जुन्या गाडीच्या बाजूने आला, तरी तो अखेरचा शब्द नव्हे. ब्रेक, सुकाणू आणि टायर यांच्या दुरुस्तीत काटकसर करणे म्हणजे घरातील माणसांचा जीव टांगणीला लावणे होय. टायरची नक्षी शाबूत दिसली, तरी रबर वयाने कडक होते. टायरच्या बाजूवरील चार आकड्यांत तो कोणत्या आठवड्यात व वर्षी तयार झाला हे नोंदलेले असते. ते वाचावयास शिकावे. कोकणच्या खाऱ्या हवेत तळाचा पत्रा आणि सांगाडा आतून गंजतो. इंजिन पुन्हा बांधता येते, पण कुजलेल्या सांगाड्यावर पैसा घालणे शहाणपणाचे नाही.

दुसरी गोष्ट अशी की, काही उणिवा दुरुस्तीने भरून येत नाहीत. १ जुलै २०१९ पासून तयार होणाऱ्या मोटारींत चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली. त्यापूर्वीच्या अनेक गाड्यांत ती नाही आणि नंतर बसवून घेणेही व्यवहार्य नसते. ज्यांना रोज महामार्गावरून मुलाबाळांसह जावे लागते, त्यांनी ही बाब रुपयांत मोजू नये.

तेव्हा माझी सूचना साधी आहे. गाडीसाठी एक वही घालावी. तीत इंधन, अंतर आणि दुरुस्ती यांची तारखेसह नोंद ठेवावी. मोठे काम निघाले, की आधी सांगाडा तपासून घ्यावा, सुटे भाग मिळतात का ते विचारावे आणि हे काम केल्यावर गाडी आणखी किती वर्षे निर्वेध चालेल, हा प्रश्न मेकॅनिकला करावा. ‘आजवर इतका खर्च केला, आता कशी सोडायची?’ हा विचार मनातून काढावा. गेलेला पैसा दोन्ही बाजूंनी गेलेलाच असतो. जुनी राखावयाचे ठरले, तर वाचलेल्या रकमेपैकी काही दरमहा बाजूला टाकावी. पुढे नवी गाडी घेण्याची वेळ येईल तेव्हा कर्ज कमी लागेल, आणि तो निर्णय रस्त्यात बंद पडलेल्या गाडीपाशी उभे राहून घाईघाईने घ्यावा लागणार नाही.