मागें चालणें हेंच शिष्यत्व
(सुवर्णमहोत्सवप्रसंगीं किन्हवली येथें झालेलें भाषण)



आपल्या धर्मग्रामाचा सुवर्णमहोत्सव साजरा होत असतां आपणांपुढें दोन शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस झाली, ती आम्ही आनंदानें शिरसावंद्य मानतों. अशा मंगलप्रसंगीं पूर्वजांचे गुण गावे, मंदिराकडे पाहून धन्यता मानावी, हें स्वाभाविक आहे. परंतु ज्या प्रभूच्या नांवानें हें मंदिर उभें राहिलें, त्यानें प्रथम मंदिरें मागितलीं नाहींत. आपल्या मागें चालणारे शिष्य मागितले. म्हणून आज एकच प्रश्न आपण स्वतःस विचारूं : आपण ख्रिस्ताचे केवळ नांवाचे अनुयायी आहोंत, कीं त्याचे शिष्य आहोंत?

शिष्य हा शब्द आपल्या भाषेला नवा नाहीं. गुरूचीं चार वचनें पाठ म्हणणाऱ्यास आपल्या लोकांनीं कधीं शिष्य म्हटलें नाहीं. सुताराच्या हाताखालचा मुलगा धन्याचा हात पाहून रंधा धरावयास शिकतो. शिष्याचेंहि तसेंच आहे. गालिलांतील कोळ्यांनीं धर्म पोथींतून घेतला नाहीं. येशूच्या पाठोपाठ धुळीच्या वाटा तुडवून घेतला. क्रूस उचलून मागें येण्याची जी आज्ञा प्रभूनें केली, तींतील क्रूस रोज उचलावयाचा आहे, असें संत लूक आवर्जून सांगतो. वर्षांतून एकदां, पुण्यशुक्रवारीं, चुंबन घ्यावयाचा क्रूस तो हा नव्हे.

ह्याचा दाखला शोधावयास दूर जाण्याचें कारण नाहीं. आपल्या ठाणें शहरांत इ. स. १३२१ मध्यें थॉमस, जेम्स, पीटर व दिमित्री ह्या चार फ्रान्सिस्कन बंधूंनीं श्रद्धेसाठीं प्राण दिले, आणि दोमिनिकन संघाचे जॉर्डन ह्यांनीं त्यांचे देह सोपाऱ्यास नेऊन पुरले. पुढें सुमारे १५५६ सालीं वसईस गोन्सालो गार्सिया जन्मले. पिता पोर्तुगीज, माता ह्याच भूमीची. येशूसंघीय गुरूंपाशीं शिकून ते कोवळ्या वयांत जपानला गेले, धर्मशिक्षक झाले, पुढें त्यांनीं व्यापारहि केला. आणि अखेर मनिला येथें फ्रान्सिस्कन संघांत साधे बंधू म्हणून शिरले. ते धर्मगुरु नव्हते. जपानी भाषा उत्तम येत असल्यामुळें १५९३ सालीं फादर पेद्रो बाप्तिस्ता ह्यांजबरोबर दुभाषा म्हणून ते पुन्हां जपानला गेले. १५९६ च्या अखेरीस त्यांस कैद झाली, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकीच्या टेकडीवर २६ जणांस क्रूसावर चढविण्यांत आलें. त्या सर्वांस १८६२ सालीं ख्रिस्तसभेनें संतपद दिलें.

ह्या २६ जणांत १७ प्रापंचिक जपानी होते, हें आम्ही आज मुद्दाम सांगतों. कोणी वैद्य, कोणी तरवारी घडविणारा, कोणी धनुष्यें करणारा. कांहीं तर बारा-चौदा वर्षांचे मुलगे. आणि ह्याहून एक गोष्ट अधिक ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. भर हिवाळ्यांत कान कापलेल्या स्थितींत बंदिवान नागासाकीकडे निघाले, तेव्हां ते २४ होते. त्यांस अन्नपाणी द्यावें, त्यांची सेवा करावी, म्हणून दोघे जण त्यांजबरोबर चालूं लागले. त्यांतील एक फ्रान्सिस नांवाचा सुतार होता. शिक्षेच्या यादींत त्या दोघांचीं नांवें नव्हतीं. दुसऱ्याच्या दुःखाची वाट ते चालले, एवढ्याचसाठीं शिपायांनीं त्यांसहि बंदिवानांत घातलें. बंधुभगिनींनो, शिष्यत्व म्हणजे काय, ह्याचें याहून स्पष्ट उत्तर आम्हांस ठाऊक नाहीं.

आतां आपल्या वाटेकडे वळूं. भाताची झोडणी आटोपते, दिवाळी उलटते, आणि शहापूर-मुरबाडच्या पाड्यापाड्यांतून कातकरी व ठाकर कुटुंबें भिवंडी-कल्याणकडील वीटभट्ट्यांकडे निघतात. डोक्यावर भांडीं, कडेवर मूल, आणि मागें शाळा सोडून निघालेलीं दोन मुलें. पावसाळ्यांत घरांत दाणा नव्हता, कोणी आजारी पडलें, घरांत लग्न निघालें, म्हणून घेतलेली उचल त्यांस ओढीत नेते. हिशोब मालकाच्या वहींत असतो, आणि ती वही मजुराला वाचतां येत नाहीं. सहा महिने राबूनहि उचल फिटली नाहीं, असें ऐकून पुष्कळ जण पावसाच्या तोंडावर परत येतात. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ सालीं झाला. पण कायदा कागदावरून पाड्यापर्यंत आपल्या पायांनीं चालत येत नाहीं. त्याला कोणीतरी सोबत घेऊन यावें लागतें.

आपण आज सुवर्णमहोत्सव करीत आहों, म्हणून पन्नासाव्या वर्षाचा मूळ अर्थहि पाहूं. जुन्या करारांतील लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायांत देवानें आपल्या प्रजेस आज्ञा केली आहे कीं, पन्नासाव्या वर्षीं देशभर शिंग फुंकावें. विकलेली जमीन मूळ कुटुंबास परत मिळावी. आणि कर्जापायीं ज्यानें स्वतःस विकलें असेल, त्यानें मोकळें होऊन आपल्या मुलाबाळांत परत जावें. म्हणजे महोत्सव हा मुळांत पताकांचा आणि भोजनाचा नव्हे, तर सुटकेचा सण आहे.

कोणी म्हणतील, आम्ही स्वतःच गरीब. आमच्यांतलेच कित्येक भट्टीवर जातात. आम्ही कोणाची सुटका करणार? हा प्रश्न खरा आहे. परंतु त्या सुतार फ्रान्सिसजवळहि बंदिवानांस सोडविण्याचें सामर्थ्य नव्हतें. त्याला चालतां येत होतें, तेवढें त्यानें केलें. आपणांपैकीं ज्यास अक्षर येतें, त्यानें शेजाऱ्याची उचल व दिवसांची मोजणी त्याच्या घरच्या वहींत लिहून द्यावी. ज्याच्या घरीं एका पानास जागा आहे, त्यानें भट्टीवर निघालेल्याचें एक मूल शाळा सुटेपर्यंत आपल्या घरीं ठेवावें. लग्न निघेल त्यानें तें झेपेल तेवढेंच करावें, म्हणजे एका दिवसाच्या मांडवापायीं वर्षाचें राबणें गहाण पडणार नाहीं. आणि ज्याच्या शेतावर आवणीला वा कापणीला मजूर येतात, त्यानें मजुरी त्याच दिवशीं, पुरी, हातावर ठेवावी. अडवून ठेवलेली मजुरी देवाच्या कानीं ओरडते, असा इशारा संत याकोबानें श्रीमंतांस दिला आहे. तो दोन बिघे भात लावणाऱ्यासहि लागू आहे.

ह्यांत मोठें असें कांहींच नाहीं, हें आम्ही जाणतों. पण रोज उचलावयाचा क्रूस असाच असतो. मिस्साबलीच्या वेळीं आपण शेजाऱ्यास शांति देतों. ती शांति सोमवारीं त्याच्या दारीं पोंचली पाहिजे. ती पोंचली, तर शेजारीपाजारी आपला धर्म न विचारतांहि ओळखतील. ती न पोंचली, तर आपण कितीहि मोठ्यानें गायिलों, तरी तो आवाज मंदिराच्या दारांतच विरेल.

ज्या प्रभूनें आमच्या आजापणज्यांस नांवानें हांक मारिली, तो आम्हांसहि उठून मागें चालण्याचें बळ देवो. पवित्र मरिया माता आणि वसईचे संत गोन्सालो गार्सिया आम्हांसाठीं विनंती करोत. आणि ह्या महोत्सवाच्या वर्षीं किन्हवलीच्या परिसरांत निदान एका घराची तरी सुटका होवो, हीच आमची प्रार्थना. आमेन.