डोंगरची शेती व आपला धंदा

(घाटमाथ्यावरील एका गावी शेतकरी मंडळींच्या बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



 आम्ही कोणी पंडित नव्हे. चार बुके शिकलो खरे, पण पोट शेतीवरच आहे. तेव्हा जे सांगू ते पुस्तकातले कमी व खाचरातले जास्त, असे समजावे.

बैठकीस येताना वाटेत एका तरुण गड्याने आम्हांस गाठून विचारले, "दादा, तुम्ही सेंद्रिय शेतीचा धंदा काढा म्हणून सांगावयास आलात. पण आमच्या आज्याने जन्मात खताची गोणी पाहिली नाही. तो सेंद्रियच होता. मग तो कर्जात का मेला?"

प्रश्न लाख मोलाचा आहे. आजचे आमचे सारे बोलणे म्हणजे या एका प्रश्नाचे उत्तर होय.

त्याचा आजा कर्जात मेला, तो त्याच्या शेतीमुळे नव्हे. त्याने भात पिकविले व ते भाताच्या रूपानेच घाट उतरून खाली गेले. काटा दुसऱ्याचा, गिरणी दुसऱ्याची, गोणीवरचे नाव दुसऱ्याचे. पावसाळ्यात घेतलेली उचल सुगीला फेडताना भाव ठरविला तोही दुसऱ्यानेच. आज त्याच भाताचा तांदूळ 'सेंद्रिय' अशी चिठ्ठी लावून शहरात चढ्या भावाने विकला जातो. माल तोच, माती तीच. बदलले ते इतकेच की, चिठ्ठीस भाव आला. आता ती चिठ्ठी कोणाच्या हाती राहणार, हा खरा वाद आहे.

डोंगरात हा धंदा एकट्याने होत नाही, हे प्रथम ध्यानात घ्यावे. देशावर एखाद्याचे रान चारी बाजूंनी मोकळे असेल, तर तो बांध घालून आपल्यापुरते नीट वागू शकतो. आपली खाचरे पायरीपायरीने उतरलेली. वरच्याने युरिया फेकला किंवा कीड मारावयाचे औषध मारले, की ते पाण्याबरोबर खालच्या खाचरात आलेच. खालचा मनुष्य कितीही सोवळा राहिला तरी त्याचा तांदूळ तपासणीत बाद होऊ शकतो. सबब गट बांधावयाचा तो भावकी पाहून किंवा वाडी पाहून बांधू नका. ओहोळ पाहून बांधा. एका उताराचे पाणी ज्यांच्या ज्यांच्या खाचरांतून जाते, ते सारे एका गटात. त्यात सर्वांत वरचा जो असेल, त्याच्या घरी पहिल्याने जा. बहुधा त्याचीच जमीन सर्वांत हलकी व तोच सर्वांत गरीब असतो. त्यास मागे ठेवून खालच्यांचा धंदा उभा राहणार नाही. आम्ही मोठमोठ्या सभांत ऐक्याची व्याख्याने ऐकली, परंतु ऐक्य म्हणजे काय हे आम्हांस खाचराच्या पाण्याने शिकविले.

आता खताचे पाहू. आपल्या उतारावर पावसाळ्यात जो पाऊस कोसळतो, त्यात फेकलेल्या युरियाचा किती भाग पिकास लागतो व किती ओढ्यास, हे आपणच सांगा. पैसा आपला, आणि खत नदीचे! पण जुन्या रीतीतही एक खोट आहे, ती लपवून चालणार नाही. तरव्याच्या जागेवर आपण राब भाजतो. रोप जोमदार येते, तणाचे बी मरते, हे खरे. परंतु त्यासाठी झाडांच्या फांद्या उतरतात, पालापाचोळा जातो, आणि खाचरात पडावयाचे शेण आगीत पडते. आपल्या हातांनी आपणच डोंगर उघडा करतो, आणि मग माती वाहून गेली म्हणून कपाळ बडवतो.

यावर उपाय आहे व तो महाग नाही. भातशेतीची 'चार सूत्री' म्हणून एक पद्धत आपल्या राज्यात प्रसिद्ध आहे. तिचे पहिले सूत्र असे की, भाताच्या तुसाची काळी राख तरव्याच्या मातीत मिसळावी व पेंढा खाचरात गाडावा. राखेने रोप ताठ व निरोगी होते. दुसरे, बांधावर गिरीपुष्पाची झाडे लावून त्यांचा हिरवा पाला लावणीच्या आधी आठवडाभर चिखलात तुडवावा. प्रमाण गुंठ्यास सुमारे ३० किलो. तिसरे, रोपे दोरीने नेमक्या अंतरावर लावावी. चौथे सूत्र खताच्या गोळ्यांचे आहे. त्या गोळ्या युरिया-डीएपीच्या, म्हणून सेंद्रियवाल्याने चौथे सोडावे व पहिली तीन घ्यावी. उरलेल्या काडीकचऱ्यासाठी नाडेपची टाकी आहेच. ती रीत यवतमाळ जिल्ह्यातील नारायणराव पांढरीपांडे यांनी बसविली. विटांची जाळीदार टाकी, १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच. आत काडीकचरा, शेणकाला व माती यांचे थर द्यावयाचे. थोड्या शेणात पुष्कळ खत होते.

हे ऐकून उद्याच सारी जमीन पालटू नका. ज्याच्या खाचरास युरियाची सवय लागली आहे, त्याचे पीक पहिली एक-दोन वर्षे उतरते. कोणी 'उतरत नाही' म्हणून सांगेल, तर तो काहीतरी विकावयास आला आहे असे समजा. कागदावर सही करण्याआधी एका खाचरात करून पाहा, माप घ्या, आणि मग ठरवा. सही केल्यावरही भातासारख्या हंगामी पिकास दोन वर्षे व फळझाडांस तीन वर्षे 'परिवर्तनकाळ' असतो. तेवढ्या काळात माल पुरता सेंद्रिय म्हणून विकता येत नाही. या दोन वर्षांत घर कशावर चालेल, त्याची तजवीज आधी करावी.

कोणी म्हणेल, सरकारने मनावर घेतले तर सर्व होईल. त्याने हिमालयातील सिक्कीमकडे पाहावे. त्या डोंगरी राज्याने २००३ साली सेंद्रिय होण्याचे ठरविले, २०१० पासून कामास जोर लावला, २०१४ साली रासायनिक खते-औषधांविरुद्ध कायदा केला, आणि १८ जानेवारी २०१६ रोजी ते देशातील पहिले पूर्ण सेंद्रिय राज्य म्हणून जाहीर झाले. सुमारे ७५ हजार हेक्टर जमिनीस प्रमाणपत्र मिळाले. २०१८ साली त्यास मोठे आंतरराष्ट्रीय पारितोषिकही मिळाले. हे कार्य थोर आहे. त्यास आम्ही नावे ठेवीत नाही. परंतु तेथील शेतकऱ्यांची तक्रारही ऐका. माल सेंद्रिय झाला, पण वाढीव भाव देणारे गिऱ्हाईक दारी आले नाही. आणि गंगटोकच्या बाजारात खालून, सिलिगुडीकडून आलेली साधी भाजी स्वस्त पडू लागली. शेवटी २०१८ साली बाहेरच्या काही भाज्यांवर बंदी घालण्याची पाळी आली. यावरून काय शिकावे? प्रमाणपत्र म्हणजे गिऱ्हाईक नव्हे. आधी गिऱ्हाईक, मग पेरणी.

आता आमचीच एक फजिती सांगतो. सांगावयास लाज वाटते, पण दुसऱ्याची खोड सांगण्यापेक्षा आपली सांगणे बरे. आमच्या गटाच्या दुसऱ्या सुगीस एका व्यापाऱ्याने सारा तांदूळ घेण्याचे कबूल केले. त्याने नमुना तपासला, तो औषधाचा अंश निघाला. साऱ्या गाडीचा माल परत आला. शोध करता कळले की, एका घराने दोन पोती भात बाहेरून आणून भरले होते. आम्ही त्या मनुष्यास भरसभेत वाटेल तसे बोललो. तो खाली मान घालून बसला. त्याची बायको मात्र उठली व म्हणाली, "डुकरांनी आमचं अर्धं पीक लोळवलं. पोराची फी भरायची होती. गटाकडे गेलो, तर माल विकल्यावर पैसे देऊ म्हणालात. खालच्या शेटनं त्याच दिवशी पैसे हातावर ठेवले, आणि त्याला आमचं भात गेलं. मग गटाला कबूल केलेलं माप कुठून भरायचं?"

बंधूंनो, आमच्याने उत्तर देववले नाही. लबाडी त्याने केली हे खरे. पण त्या लबाडीस वाट आम्ही करून दिली. गटाजवळ नियम होते, रजिस्टर होते, तपासणीचे कागद होते. अडीअडचणीस देण्यास रोकड मात्र नव्हती. सावकार वाईट खरा, पण तो वेळेवर येतो. आपला गट चांगला, पण उशिरा येईल, तर लोक वाईटाकडेच जातील. त्या दिवसापासून आम्ही नियम केला की, काट्यावर माल पडला की निदान निम्मी रक्कम तेथल्या तेथे द्यावयाची; आणि एवढी रोकड जमल्याशिवाय जास्त माल घेण्याचा मोह धरावयाचा नाही. दोन वर्षे धंदा लहान राहिला, पण पुन्हा गाडी परत आली नाही. त्या घराचा मनुष्य आज आमचा मापाडी आहे, आणि भेसळ त्याच्याइतकी कोणास ओळखता येत नाही!

आता चिठ्ठीचे. सेंद्रिय म्हणून माल विकण्यास आपल्या देशात दोन वाटा आहेत. एक राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाची; तीत बाहेरची संस्था तपासते, खर्च येतो, पण परदेशी माल पाठवावयाचा तर हीच वाट धरावी लागते. दुसरी सहभागी हमीची. तीत गटातले शेतकरी एकमेकांची शेते तपासतात, खर्च थोडा, आणि देशातल्या विक्रीस ती पुरते. नव्याने धंदा काढणाऱ्याने आम्हांस विचारले, तर दुसरीपासून आरंभ करा म्हणून सांगू. तीत आपल्या लोकांस वही लिहिण्याची व खरे बोलण्याची सवय लागते. पहिल्या वाटेने जाल, तेव्हा एक गोष्ट विसरू नका. गटाचे प्रमाणपत्र ज्याच्या नावे, त्याच्याच ते कामाचे. कोणी कंपनीवाला येतो, 'कागदाचा खर्च आमचा' म्हणतो, आणि आपण उपकार मानून अंगठा देतो. पुढे त्याने भाव पाडला व आपण दुसऱ्याकडे गेलो, तर त्या प्रमाणपत्राच्या जोरावर माल विकता येत नाही. फुकटाची चिठ्ठी म्हणजे दाव्याचे दुसरे नाव होय.

सबब चिठ्ठी आपल्या संस्थेच्या नावे असावी. कायद्याने दहा उत्पादक मिळून शेतकरी उत्पादक कंपनी काढू शकतात, व व्यक्तींच्या अशा कंपनीत कोणाचे भाग कितीही असोत, मत एकास एकच. त्याबरोबर गिरणी आपली हवी. शंभर किलो भात भरडले तर साधारण ६० ते ६५ किलो तांदूळ निघतो. पण बाकीचे मातेरे नव्हे! कणी कोंबड्यांस, कोंडा जनावरांस, आणि तूस? त्याचीच तर काळी राख तरव्यास हवी. भात खाली विकले की तूसही खाली जाते, व आपण पुन्हा झाडे तोडून राब भाजतो. गिरणी गावात आली, तर पैसाही राहतो व डोंगराचे रानही राहते.

मालाच्या गुणाविषयी एकच दाखला देतो. आंध्रात पूर्व घाटातील अरकू खोऱ्यात आदिवासी शेतकरी लहान लहान तुकड्यांवर सावलीच्या झाडांखाली कॉफी लावतात. त्यांची सहकारी संस्था २००७ साली निघाली, आणि २०१७ साली त्यांच्या कॉफीचे दुकान पॅरिस शहरात उघडले. पाठबळ देणारी संस्था होती, हे खरे. परंतु मूळ कारण असे की, झाडावरची पिकली लाल फळेच निवडून घ्यावयाची, कच्ची नाही, आणि सर्वांची एके ठिकाणी एकाच रीतीने तयार करावयाची. आपल्या आजऱ्याच्या घनसाळ तांदळास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते त्याच्या सुवासामुळे. त्यात दुसरे वाण मिसळणारा आपल्याच पोराच्या ताटात माती कालवतो.

शेवटी सभासदांविषयी. तरवा कोण काढते? लावणी कोण करते? बी निवडून कणगीत कोण ठेवते? सातबारावर मात्र नाव पुरुषाचे, म्हणून गटातही पुरुषच! अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेलेल्या नाहीत. त्यांनी गावठी वाणांचे बी राखले, व २०२० सालची पद्मश्री त्यांस जाहीर झाली. उत्पादक कंपनीच्या कायद्यात 'उत्पादक' म्हणजे शेतीमालाच्या कामात असलेला मनुष्य. त्यात बाया आल्याच. त्यांस सभासद करा व पैसे त्यांच्या खात्यावर टाका. त्याचप्रमाणे कोळपे दुरुस्त करणारा लोहार, कणग्या विणणारा बुरूड, टाकी बांधणारा गवंडी यांचा हिस्सा हिशेबात धरा. त्यांचे काम वाढले, तर गावाचा पैसा गावात फिरेल.

आता त्या तरुण गड्याकडे वळतो. बाबा, तुझ्या आज्याच्या शेतीत खोट नव्हती. तो एकटा होता, ही खोट. तू उद्या सकाळी ओहोळाच्या कडेने वर चालत जा, आणि सर्वांत वरच्या खाचराच्या मालकास रामराम कर. काटा, वही, गिरणी, चिठ्ठी सारे त्यामागून येईल.