आरास खाण्यासाठी

संक्रांत झाली की रथसप्तमीपर्यंत घरोघरी हळदीकुंकू चालतं. मधेच कुणाकडे बोरन्हाण, कुणाकडे डोहाळजेवण. हल्ली अशा समारंभात फळांचं टेबलही मांडलेलं असतं. पण पुष्कळदा ते फोटोपुरतंच राहतं. एक द्राक्ष उचललं तर सगळा डोलारा कोसळेल, या भीतीने कुणी हातच लावत नाही. माझं मत विचाराल तर पाहुण्यांनी खाल्ली नाही ती आरास फसली. पुण्याच्या दगडूशेठ गणपतीपुढे अक्षय्य तृतीयेला हजारो आंबे रचतात, पण तेही नंतर प्रसाद म्हणून वाटले जातातच ना!

म्हणून अख्खी फळं मागे आणि उंचावर, कापलेली पुढे, हाताशी. या दिवसांत बाजार आपल्या बाजूने असतो. नाशिकची द्राक्षं, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, नागपुरी संत्री, घोलवडचे चिकू, शिवाय पेरू, बोरं. किवीसाठी धावपळ करू नका. पंचवीस माणसांना कापलेली फळं चार-पाच किलो पुरतात. मात्र अननसाचं जवळजवळ अर्धं वजन सालीत आणि डोळ्यांत जातं, हे खरेदी करताना धरून चला. चिकू, पेरू कच्चट असले तर तीन दिवस आधी आणून केळ्यांजवळ ठेवा. पिकत्या केळ्यांतून इथिलीन नावाचा वायू निघतो, त्याने ते लवकर पिकतात. स्ट्रॉबेरी मात्र त्याच दिवशी आणा, आणि मांडायच्या आधीच धुवा. ओली राहिली की लगेच बुरशी धरते.

मध्यभागी कलिंगडाची टोपली छान दिसते. ते घरंगळू नये म्हणून बुडाची पातळ चकती काढा, पण सुरी लाल गरापर्यंत जाऊ देऊ नका, नाहीतर टेबलभर पाणी होईल. वरची कड पेनाने आखून नागमोडी कापा. गर काढला की टोपली दहा मिनिटं पालथी ठेवा, पाणी निथळू द्या, मगच भरा. टूथपिकला टोचलेले तुकडे उभे करायचे असतील तर खाली कोबीचा गड्डा घ्या. तो केळीच्या पानाने झाकला की कुणाला पत्ता लागत नाही. द्राक्षांचा घड अख्खा ठेवू नका. कात्रीने पाच-सहा मण्यांचे झुबके करा, म्हणजे पाहुणा संकोच न करता उचलतो. लहान मुलं असतील तर त्यांच्यासाठी द्राक्षं उभी चिरून वेगळी ठेवा, ती घशात अडकतात. टूथपिकही त्यांच्यापासून लांबच बरे.

सफरचंद, केळं, पेरू कापले की काळे का पडतात? गरातल्या एन्झाइमला हवेतला ऑक्सिजन मिळतो म्हणून. लिंबाच्या आंबटपणामुळे त्याचं काम मंदावतं. केळ्यावर लिंबाचा हलका हात फिरवा. सफरचंदाच्या फोडी मिठाच्या पाण्यात पाच मिनिटं बुडवून पुन्हा साध्या पाण्यातून काढा. केळी तर पाहुणे दारात आल्यावरच कापा.

सालीवरची घाण सुरीबरोबर गरात जाते, म्हणून फळं धुवायची ती कापायच्या आधी. सुरी आणि पाट कांद्यामासळीचे नकोत. शोभेला विड्याची किंवा केळीची पानं घ्या. बागेतली दिसतील ती पानं खोचू नका, कण्हेर तर विषारीच. आणि डोहाळजेवणाला पपई-अननस मांडू नका. घरातल्या आज्यांशी वाद घालायचा तो दिवस नव्हे.

कापलेलं फळ बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, कडक उन्हाळ्यात एकच तास. निम्मं फ्रिजमध्ये झाकून ठेवा आणि ताट रिकामं होईल तसं भरा. मागची अख्खी फळं जाताना बायकांच्या ओटीत घाला. कापलेलं जे दोन तास उघड्यावर राहिलं असेल, त्याचं रात्री रायतं करायचा मोह मात्र टाळा. ते सरळ गाईला घाला.