पाठ टेकली का नाही

(आमच्या १९९६ च्या दहावीच्या वर्गाच्या स्नेहमेळाव्यात मे २०२५ मध्ये केलेलं भाषण. बोलताना झालेलं पाल्हाळ थोडं कमी केलं आहे.)



संयोजकांनी मला 'माहिती तंत्रज्ञानातील संधी' हा विषय दिला होता. मी म्हटलं, अरे, आता आपलीच पोरं आपल्याला फोन शिकवतात, संधी सांगू कुणाला? त्यापेक्षा कुस्तीवर बोलते. पलीकडं बराच वेळ शांतता. मग हळूच प्रश्न आला, "तू? कुस्तीवर?"

मीच. आणि कुस्ती खेळलेली नाही, एक डावही अंगानं माहीत नाही, तरी बोलणार आहे. मी फक्त बघणारी आहे. बघणाऱ्यांबद्दलच बोलायचंय.

सातवी 'ब'च्या मागच्या बाकावरून सुरुवात करते. भूकंपाच्या आदल्या वर्षी आपल्या शाळेत डब्ल्यूडब्ल्यूएफची पत्त्यांसारखी कार्डं आली, आठवतं? रँक, उंची, वजन, छाती, बायसेप्स. ज्याच्याकडं योकोझुना त्यानं 'वजन' पुकारायचं, ज्याच्याकडं आंद्रे द जायंट त्यानं 'उंची'. मुली खेळायच्या नाहीत असा समज होता, पण माझ्याकडं सव्वीस कार्डं होती आणि त्यातली अकरा मी इथंच पुढच्या रांगेत बसलेल्या एकाकडून जिंकलेली होती. तो आज मोठा बांधकाम व्यावसायिक आहे. कार्डं परत मिळणार नाहीत.

त्या कार्डांवरून एकदा मधल्या सुट्टीत भांडण लागलं. ही कुस्ती खरी का खोटी? अर्धा वर्ग म्हणाला, रक्त येतंय म्हणजे खरीच. उरलेला म्हणाला, सगळं ठरवून. शेवटी पी.टी.च्या सरांकडं गेलो. सरांनी दोनच शब्द उच्चारले, "नुरा कुस्ती." आणि शिट्टी वाजवून आम्हाला मैदानाला दोन चकरा मारायला लावल्या. सर आज इथं आहेत. सर, उत्तर बरोबर होतं. ती कंपनी चालवणाऱ्यांनी १९८९ सालीच अमेरिकेत न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढं स्वतःहून सांगून टाकलं होतं, की हा खेळ नाही, करमणूक आहे. खेळ म्हटलं की सरकारी नियम आणि कर मागं लागतात. आपल्यापर्यंत ती बातमी यायला केबलवाल्याला काही वर्षं लागली, एवढंच.

पण निकाल ठरलेला असला तरी पडणारा माणूस खरा पडतो. १९९८ साली मिक फोली सोळा-एक फूट उंच पिंजऱ्यावरून खाली टेबलावर आदळला. ठरवून आदळला, पण हाडं काही ठरवून दुखत नाहीत. आणि बघणाऱ्यांचं म्हणाल तर त्या खेळात त्यांना मोठी जागा आहे. निकाल त्यांच्या हातात नसतो, आवाज असतो. कुणासाठी आरोळ्या उठतात, कुणाची हुर्यो होते, हे मालक कान देऊन ऐकतो आणि पुढच्या महिन्याचा विजेता त्याप्रमाणं ठरवतो. सगळे जाणून असतात आणि सगळे एकमेकांना सांभाळून घेतात. आपल्या तमाशातल्या मावशीला कुणी 'हा तर पुरुष आहे' म्हणून ओरडत नाही, तसंच.

आता आपल्या मातीकडं येते.

माझं आजोळ भूम तालुक्यातलं. जत्रेचा फड आजोबांच्या वाड्याच्या मागंच भरायचा. मुलींनी फडात जायचं नाही, म्हणून मी माळवदावरून बघायचे. माझं मत विचाराल तर जागा ती सगळ्यात चांगली. हलगी तिथून पोटात वाजते. सकाळी बारक्या पोरांच्या रेवड्यांच्या कुस्त्या, मग नारळाच्या, मग दहा-वीस रुपयांच्या, आणि ऊन कलल्यावर मोठ्या जोडी. जिंकलेला पैलवान फडाला चक्कर मारायचा, हात पुढं करून, आणि माणसं मुंडाशातून, बंडीच्या खिशातून नोटा काढून त्याच्या हातावर ठेवायची. आजोबा एक नोट जिंकलेल्याला द्यायचे आणि नंतर उठून कपडे घालत बसलेल्या हरलेल्यालाही एक द्यायचे. कुणी हसलं तर म्हणायचे, "हरलेल्याला खुराक लागत नाही का?"

त्या फडात पंच असायचा, पण त्याला फारसं काम नसायचं. चारही बाजूंनी माणसं, मधे दोघं. पाठ टेकली की ती दोन हजार जणांना एकदम दिसायची. पंचानं हात वर करायच्या आधी टोप्या उडालेल्या असायच्या. कुणाला काही समजावून सांगावं लागायचं नाही. वाद व्हायचे, नाही असं नाही, काठ्याही निघायच्या. पण वाद सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवर व्हायचा.

आजोबा सारखं एक नाव घ्यायचे, हरिश्चंद्र बिराजदार. रामलिंग मुदगडचे, निलंगा तालुक्यातले. १९६९ साली महाराष्ट्र केसरी, १९७२ साली हिंदकेसरी. पुढं बेळगावला त्यांनी दिल्लीच्या सतपालला हरवलं, त्या कुस्तीचं वर्णन आजोबा डोळे मिटून करायचे, जणू स्वतः फडात होते. ते बेळगावला गेलेच नव्हते, हे आजीनं नंतर सांगितलं. लातूरवाले आज त्यांना लातूरचे म्हणतात आणि बरोबर म्हणतात, पण लातूर जिल्हा वेगळा झाला १९८२ साली. ते महाराष्ट्र केसरी झाले तेव्हा निलंगा आपल्याच जिल्ह्यात होतं. आजोबांनी ही वाटणी शेवटपर्यंत मान्य केली नाही. बिराजदारांच्या तालमीत घडलेला बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे २०१८ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक जिंकला आणि ते त्यानं आपल्या दिवंगत वस्तादांना अर्पण केलं. तेव्हा आजोबा नव्हते. मी एकटीच रडून घेतलं, ऑफिसच्या जिन्यात.

आता जे सांगायचंय ते सांगते. सोपं नाही, पण ज्याच्याबद्दल आहे तो समोर बसलाय आणि त्यानं परवानगी दिली आहे.

जानेवारी २०२३. पुण्यात महाराष्ट्र केसरी. माती गटाच्या अंतिम कुस्तीत मोहोळचा सिकंदर शेख आणि मंगळवेढ्याकडचा महेंद्र गायकवाड. सिकंदर माझा आवडता. हमालाचा पोरगा, आणि अंगात वीज. महेंद्रनं बाहेरची टांग मारली, पंचांनी चार गुण दिले, आणि सिकंदर गेला. रात्रीपर्यंत प्रत्येक फोनवर ती क्लिप होती, कुणी हळू केलेली, कुणी लाल गोल काढलेली. "पाठ टेकलीच नाही, चार कसले?" मीही बघितली. दहा वेळा. आणि आपल्या वर्गाच्या ग्रुपवर टाकली. वर लिहिलं, "पंच विकला गेला." खाली सत्तावीस अंगठे आले.

तुम्हाला माझा धंदा माहीत आहे. ऑफिसमध्ये एखादी प्रणाली रात्री बंद पडली आणि कुणी एकच लॉग दाखवून म्हणालं, 'चूक अमक्याची', तर मी त्याला आधी खाली बसवते. बाकीचे लॉग आण म्हणते. एका जागेवरून दिसलेल्या गोष्टीवर कुणाचं नाव घ्यायचं नाही, हे मी नव्या पोरांना पहिल्या आठवड्यात शिकवते. आणि एका कॅमेऱ्याची, कुणीतरी कापलेली अकरा सेकंदं बघून मी एका माणसाला विकला गेलेला ठरवलं. दोन दिवसांनी बातमी आली, की त्या कुस्तीच्या पंचांना धमकीचे फोन आले आणि प्रकरण पोलिसांत गेलं.

आपल्या ग्रुपमध्ये एक जण गप्प होता. शाळेत क्रीडाशिक्षक आहे, तालुका-जिल्ह्याच्या कुस्त्यांना पंच म्हणून उभा राहतो. त्यानं ग्रुपवर काही लिहिलं नाही. मला फोन केला. म्हणाला, "कुस्ती मातीत असली तरी गुण आता गादीच्या नियमानं देतात. पाठ टेकायची गरज नसते. पाठ जमिनीकडं नव्वद अंशांच्या पुढं वळली की धोक्याची स्थिती धरतात. ते पाव सेकंदात बघावं लागतं, आणि बघायला जागा एकच मिळते." मी विचारलं, "मग तू किती दिले असतेस? दोन का चार?" तो म्हणाला, "ते मी सांगणार नाही. मी तिथं नव्हतो." थोडं थांबून म्हणाला, "गेल्या साली एका जत्रेत मला मोटारसायकल सोडून शेतातून पळावं लागलं होतं. घरी सांगितलं नाही."

मला तेव्हा माळवद आठवलं. आजोबांच्या फडात निकाल सगळ्यांना दिसायचा, म्हणून निकालावर सगळ्यांचा हक्क होता. आता नियम बदलले, अंश आले, गुण आले. डोळा तयार करायला वर्षं लागतात, ती आपण घालवलेली नाहीत. हक्क मात्र आपण सोडलेला नाही. आणि पूर्वी ओरडायला फडापर्यंत चालत जावं लागायचं, खिशातली नोट काढावी लागायची. मी तर पुण्यात सोफ्यावर होते.

याच संदर्भात फुटबॉलचं एक सांगते, कारण नवऱ्यामुळं मला तोही नाद लागला. जून २०१८, अंधेरीचं मैदान. भारतानं चायनीज तैपेईला पाच-शून्य हरवलं आणि बघायला होती अडीच हजारांच्या आसपास माणसं. दुसऱ्या दिवशी कप्तान सुनील छेत्रीनं व्हिडिओ काढून हात जोडले. त्याचा अर्थ असा, की आमच्यावर टीका करा, शिव्या द्या, पण इंटरनेटवर नको; मैदानात या आणि तोंडावर द्या. पुढचा सामना केनियाशी, त्याचा शंभरावा. तिकिटं संपली. आम्ही अर्धा दिवस रजा टाकून पुण्याहून गेलो. धो धो पाऊस, बूट चिखलात, तीन-शून्य, त्यातले दोन त्याचे. सामना संपल्यावर खेळाडू आमच्यासमोर येऊन टाळ्या वाजवत उभे राहिले. आम्ही त्यांच्यासाठी आणि ते आमच्यासाठी. मला फडाची चक्कर आठवली, फक्त नोटा नव्हत्या. छेत्री काय मागत होता ते मला तेव्हा कळलं असं वाटलं होतं. कळलं नव्हतं, हे साडेचार वर्षांनी सिद्ध झालं.

आता धाराशिव. आपल्या दाखल्यावर उस्मानाबाद आहे, पण २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये तुळजाभवानी स्टेडियमवर महाराष्ट्र केसरी झाली ती धाराशिवची. कुस्तीच्या दोन संघटनांच्या भांडणामुळं त्या एका महिन्यात दोन महाराष्ट्र केसरी झाल्या, त्यावर मी काही बोलत नाही, जेवण लांबेल. पहिली फुलगावला, तिथं सिकंदरनं शिवराज राक्षेला अर्ध्या मिनिटाच्या आत हरवलं. माझा जीव गार झाला. दुसरी आपल्याकडं, भाऊबीज झाल्यावर लगेच. मी माहेरीच होते. रजा वाढवली.

माहेरच्या गावात मी पहिल्यांदा कुस्ती माळवदावरून नाही, खुर्चीवर बसून बघितली. बायका बऱ्याच होत्या, शाळेच्या मुली होत्या. त्याच वर्षी मार्चमध्ये सांगलीला महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी होऊन प्रतीक्षा बागडीनं गदा उचलली होती, त्यामुळं कुणी आमच्याकडं वळून बघत नव्हतं. शेजारी आपला पंच मित्र. मी ओरडले की तो हळू आवाजात सांगायचा, गुण का दिला, का नाही दिला. पहिल्या दिवशी माझे अंदाज निम्मे चुकले. चौथ्या दिवशी थोडे कमी चुकले. अंतिम कुस्तीत शिवराजनं हर्षवर्धन सदगीरला हरवून गदा घेतली आणि मी, सिकंदरची माणूस, उभी राहून टाळ्या वाजवत होते. आपल्या गावात जिंकला म्हणजे थोडा आपलाही झाला.

म्हणून यंदाचा फेब्रुवारी जड गेला. अहिल्यानगरला गादी गटाच्या अंतिम कुस्तीत पृथ्वीराज मोहोळविरुद्ध पंचांनी शिवराजला चीत दिलं. त्याचं म्हणणं, पाठ टेकलीच नव्हती, व्हिडिओ बघा. आणि त्यानं पंचाची कॉलर धरली, लाथ मारली. तीन वर्षांची बंदी आली. त्याच रात्री महेंद्र गायकवाडही अंतिम कुस्ती सोडून निघून गेला, त्यालाही तीन वर्षं.

आमच्या घरी फुटबॉलवाल्यानं लगेच एरिक कँटोना काढला. १९९५ मध्ये त्यानं शिव्या देणाऱ्या प्रेक्षकाला उडी मारून लाथ घातली, सप्टेंबर संपेपर्यंत बाहेर बसला, आणि परत आला तेव्हा मँचेस्टरच्या लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. "माणूस आपला असला की आपला," हे त्याचं म्हणणं. मला ते तितकंसं पटत नाही. शिवराज मला आजही आवडतो. बंदी संपून तो उतरला तर मी बघायला जाईन. पण ती लाथ आवडून घ्यायची मी कुणावर सक्ती करणार नाही, आणि स्वतःवरही नाही. ज्याला लाथ बसली त्याच्या जागी मला सारखा शेतातून पळणारा आपला मित्र दिसत होता.

त्या रात्री क्लिप आपल्या ग्रुपवर आलीच. तीन वेगवेगळ्या बाजूंनी. मला दोघांनी विचारलं, "काय ग, टेकली का?" मी लिहिलं नाही काही. मित्राला फोन लावला. तो तुळजापूरकडं कुठल्याशा शाळेच्या कुस्त्या उरकून घरी निघाला होता, मागं हलगी अजून वाजत होती. मी विचारलं, "बघितलीस का?"

म्हणाला, "बघितली. पण आधी सांग, तू बरी आहेस ना? तुझा माणूस हरला."