ताटातला मासा आणि पाण्यावरची सत्ता

(देवपूर, धुळे येथे कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



राजकीय कार्यकर्त्यांच्या बैठकीत मासळी हा विषय निघावा, हे काहींना चमत्कारिक वाटेल. कापसाचा भाव, रेशन, विजेचा दर हे चळवळीचे विषय आणि मासा हा रविवारच्या जेवणाचा विषय, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु कष्टकऱ्याच्या ताटात काय पडते आणि काय पडत नाही हा जर राजकारणाचा प्रश्न असेल, तर ताजा मासा त्यातून वगळता येत नाही.

प्रथम आहाराचा विचार. खानदेशी श्रमिकाचे मुख्य अन्न म्हणजे ज्वारी-बाजरीची भाकरी. ज्वारीत प्रथिने आहेत, पण शरीराला अत्यावश्यक असे लायसिन तीत कमी असते. माशात ते भरपूर असते. भाकरीत जे उणे, ते मासा भरून काढतो. शंभर ग्रॅम रोहूत सुमारे १७ ग्रॅम प्रथिने मिळतात आणि ती पचायला हलकी असतात. धान्य-भाज्यांतून न मिळणारे ब-१२ जीवनसत्त्व माशात आहे. शिवाय माशाबरोबर खाल्लेल्या धान्यातील लोह शरीर अधिक चांगले शोषून घेते. काट्यासकट खाल्ल्या जाणाऱ्या बारीक मासळीतून कॅल्शियम मिळते. हृदयाला हितकारक मानली जाणारी ओमेगा-३ स्निग्धाम्ले बांगडा-तारलीसारख्या समुद्राच्या मासळीत अधिक असतात, हे खरे. पण रक्तक्षयाने थकलेली शेतमजूर स्त्री आणि सातपुड्याच्या पाड्यावरील कुपोषित मूल यांना जे हवे आहे, त्यातले पुष्कळसे गोड्या पाण्यातला मासाही देतो.

गरिबाच्या अन्नाची चर्चा उष्मांकांत करायची आणि श्रीमंताच्या अन्नाची चवीत, हा भेद मात्र समाजवाद्यांनी मानू नये. हळद-मीठ लावलेली मरळ, भाजलेला कांदा व सुके खोबरे, काळ्या मसाल्याचा तर्रीदार रस्सा आणि तव्यावरून उतरलेली बाजरीची भाकरी हे सुख आहे, आणि सुखावरही श्रमणाऱ्याचा हक्क आहे. जे माळकरी आहेत वा अन्य श्रद्धेने मासा खात नाहीत, त्यांचा मान राखलाच पाहिजे. पण जो खातो, त्याच्या वाट्याला शिळे का यावे, हा प्रश्न उरतोच.

मासळीची चव आणि गुण दोन्ही ताजेपणावर अवलंबून आहेत. ताज्या माशाचा डोळा चकचकीत व भरलेला असतो, कल्ले लालभडक असतात, बोटाने दाबलेले मांस लगेच वर येते. खानदेशातल्या वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा बर्फाविना ठेवलेला मासा काही तासांतच बिघडतो. उष्ण प्रदेशात किलोभर मासळीला साधारण किलोभर बर्फ लागतो. म्हणजे ताजेपणाची गोष्ट अखेर बर्फाची, रस्त्याची आणि बाजाराच्या ओट्याची आहे. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन हमरस्ते धुळ्यात मिळतात. त्यांवरून समुद्राची मासळी येथे पोचू शकते. परंतु आठवडे बाजारातील गरिबाच्या पिशवीत बहुधा सुकट आणि सुके बोंबीलच पडतात. सुकी मासळी निकृष्ट नाही, पण जवळ पाणी असताना तीच एक निवड उरावी, हे योग्य नव्हे.

पाणी जवळच आहे. तापीवर हतनूर आहे, पांझरेवर साक्री तालुक्यात लाटीपाडा आणि अक्कलपाडा आहेत, उकाईचा फुगवटा नवापूर तालुक्यापर्यंत येतो. सरदार सरोवराने तर अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील ३३ गावांना बुडिताची झळ पोचवली. कटला, रोहू, मृगळ हे मासे साठलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत; त्यांना पुराचे वाहते पाणी लागते. डॉ. हिरालाल चौधरी यांनी १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे संप्रेरकाच्या साहाय्याने या जातींचे प्रजनन घडवून आणले. तेव्हापासून जलाशयात बोटुकली सोडून मासा वाढवणे अधिक सोपे झाले. विद्या आहे, पाणी आहे. अडचण आहे ती पाण्यावरील सत्तेची. जलाशय ठेक्याने जातो. कागदावर संस्था सहकारी असली, तरी भांडवल व्यापाऱ्याचे असेल तर भावही तोच ठरवतो. मग जाळे ओढणारा भोई वा भिल्ल आपल्याच पाण्यावर मजूर होतो आणि चांगला मासा दूरच्या बाजाराकडे निघून जातो.

याला पर्याय नाही, असे म्हणणाऱ्यांनी दोन उदाहरणे पाहावीत. पहिले याच पांझरेचे. तिच्या बंधाऱ्यांवर फड पद्धत तीनशे वर्षांहून अधिक काळ नांदली. कोणत्या फडात कोणते पीक घ्यायचे ते गावाने ठरवायचे, पाटकऱ्याने पाणी वाटायचे, जागल्याने राखण करायची. पाणी सर्वांचे आणि शिस्तही सर्वांची, हा धडा या खोऱ्याने पूर्वीच घेतला आहे. दुसरे उदाहरण मध्य प्रदेशातील तवा धरणाचे. तेथील विस्थापित आदिवासींनी लढा देऊन १९९६ मध्ये जलाशयातील मासेमारीचा हक्क मिळवला. तवा मत्स्य संघाने दलालांऐवजी स्वतः बोटुकली सोडली, स्वतः मासा विकला आणि मासेमारांची मिळकत वाढवली. २००६ अखेर वन्यजीव संरक्षणाच्या कारणाने तो हक्क गेला; पण दहा वर्षांच्या त्या कारभाराने जाळे धरणारे हात हिशेबही धरू शकतात, हे सिद्ध झाले.

म्हणून कार्यकर्त्यांनी साध्या मागण्यांपासून आरंभ करावा. जलाशयावर पहिला हक्क धरणग्रस्तांचा व प्रत्यक्ष मासेमारांचा असावा. त्यांच्या संस्थांना बोटुकलीसाठी कर्ज मिळावे, म्हणजे व्यापाऱ्याची उचल घ्यावी लागणार नाही. तालुक्याच्या प्रत्येक बाजारात पाणी, सावली आणि बर्फ असलेला ओटा असावा. पकडीचा ठरावीक हिस्सा प्रथम स्थानिक बाजारात विकला जावा. शहराचे सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय पांझरेत सोडू नये, कारण गटार झालेल्या नदीतला मासा ताजा असला तरी निर्धोक नसतो.

धरणांसाठी ज्यांनी जमीन दिली, त्यांच्या पोरांच्या ताटात त्या धरणातला मासा पडत नसेल, तर विकासाचा हिशेब अपुराच आहे. तो पुरा करण्याची लढाई मंत्रालयात लढावी लागेल. पण तिची सुरुवात बाजाराच्या ओट्यावर, माशाचा कल्ला उघडून पाहणाऱ्या आणि हा मासा कोणाच्या पाण्यातला, कोणाच्या जाळ्यातला असे विचारणाऱ्या सामान्य गिऱ्हाइकापासून होऊ शकते.