कामाच्या जागी अर्धशिशी

अर्धशिशी असलेल्यांचं डोकं ऑफिसात उठायला छोटं निमित्तही पुरतं: चुकलेली जेवणाची वेळ, कमी पाणी, अपुरी झोप, उग्र अत्तर, डोळ्यांवर येणारा उजेड. निमित्त प्रत्येकाचं वेगळं असतं. म्हणून दुखणं कधी सुरू झालं, त्याआधी काय खाल्लं, किती झोपलात, हे वहीत टिपा. कॉम्प्युटरच्या पडद्यावर खिडकीचा उजेड चमकणार नाही अशी जागा मागून घ्या. डबा वेळेवर खा. डॉक्टरांनी दिलेली गोळी दुखणं सुरू होताच घ्या. पण वेदनाशामक गोळ्या महिन्यातले १०-१५ दिवस घेत राहिलात, तर त्यांनीच डोकेदुखी वाढते. अचानक असह्य डोकं दुखलं, बोलणं अडखळलं किंवा हातपाय लुळे पडले, तर ताबडतोब रुग्णालय गाठा.