झाकलेला जोड



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होत आहे, त्यांच्यासमोर बोलण्याची माझी छाती झाली नसती. मी मोटारींच्या वायरिंगची दुरुस्ती करणारा माणूस. परंतु ज्या बडोदे संस्थानात सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन उघडले आणि त्रिभुवनदास गज्जरांनी तेथे हातांच्या विद्येला शास्त्राची जोड दिली, त्या संस्थानच्या पादऱ्यात हा विषय परका ठरू नये.

धंद्याच्या पहिल्याच वर्षी एका जीपच्या दिव्यांची तुटलेली तार मी नुसता पीळ देऊन जोडली आणि वर काळी टेप गुंडाळली. दिवे लागले, मजुरी मिळाली. पुढे श्रावणातल्या एका रात्री, बडोद्याच्या वाटेवर, ते दोन्ही दिवे एकाएकी गेले. गाडीत प्रसूतीसाठी निघालेली एक स्त्री होती. चालकाने विजेरीच्या उजेडात कशीबशी गाडी पोहोचवली. दैव बलवत्तर, म्हणून सारे सुखरूप पार पडले.

दुसऱ्या दिवशी मी टेप सोडली. आत पाणी शिरून तांबे हिरवे पडले होते, तार करपली होती. बारा व्होल्टच्या गाडीत दोन दिवे मिळून सुमारे दहा अँपिअर प्रवाह घेतात. जोडात ०.१ ओहमचा अडथळा आला, तरी एक व्होल्ट तेथेच खर्ची पडतो आणि दहा वॅट उष्णता एवढ्याशा जागी कोंडते. फ्यूजला याचा पत्ता लागत नाही. कारण प्रवाह वाढलेलाच नसतो.

तेव्हापासून मी क्रम मोडत नाही. प्रथम बॅटरीची ऋण तार काढावी. चकचकीत तांबे दिसेपर्यंत गंजका भाग कापावा. तापवल्यावर आकसणारी नळी आधीच तारेवर सरकवून ठेवावी. घट्ट पीळ देऊन, तार तापवून, राळयुक्त डाख तीत मुरू द्यावा. आम्ल वापरू नये, ते मागाहून तांबे खाते. मग नळी आवळावी आणि जोड हलणार नाही असा बांधावा. कारण डाख संपतो तेथेच थरथरीने तार तुटते.

गुरुजी आमची कच्ची वहीसुद्धा तपासत. उत्तर बरोबर असूनही मधली पायरी गाळलेली दिसली, की गुण कापत. तेव्हा मला तो अन्याय वाटे. त्या जीपचे दिवे लागले होते, म्हणजे माझे उत्तर बरोबरच होते. पायरी तेवढी गाळलेली होती.